एकवीस अक्षरांची जागा

नोदारने कॉम्प्युटर आणला तो शालीत गुंडाळून,
आजारी कोंबडी काखेत धरून आणावी तसा.
"बाचोने नुसतं 'होय' म्हटलं," तो म्हणाला,
"एकदाच. काय विचारलंय ते न वाचता."
मी बटण दाबलं. काळ्यावर पांढरी एकच ओळ:
ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.
दोन होत्या. आता एकही नाही.

कुताइसीत नोव्हेंबर. पुलाखाली रिओनी गढूळ,
दुकानातला हीटर एकाच बाजूने तापणारा.
ती बाजू मी नोदारला दिली.

घर पडलेलं नाही, मी म्हटलं,
हद्दीचे दगड तेवढे उपटलेत.
डिस्कच्या अगदी तोंडाशी चौसष्ट बाइट असतात,
कुणाची जमीन कुठून कुठवर, एवढाच उतारा.
आपल्या लिपीतली एकवीस अक्षरं मावतील तिथे;
निरोप लिहायला घेतलास तर अर्ध्यातच तुटेल.

त्याला फार सांगावं लागलं नाही.
बत्तीस वर्षं त्याने नदीची पातळी मोजली होती,
पट्टीवरचे आकडे पुसले म्हणून
नदी आटत नाही, हे त्याला ठाऊक.

आधी सगळ्या डिस्कची नक्कल.
मुळाला बोट लावायचं नाही, एवढा एकच नेम मी पाळते.
मग मोजणी, सेक्टरमागून सेक्टर, रात्रभर.
पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने आकडे.
दोन हजार अठ्ठेचाळीसवर पहिला दगड लागला:
विंडोज, आणि त्यात नदी, सकाळची, संध्याकाळची,
पुराच्या दिवशी तासातासाची.
मग खूप वेळ नुसताच टक्का वाढत राहिला.
वीज एकदा डोळा मिटून उघडली. माझा जीव खाली-वर.
शेजारच्या बेकरीत पीठ आपटल्याचा आवाज यायला लागला
तेव्हा दुसरा: बाचोचं लिनक्स, शेपटीपर्यंत शाबूत.

आणि त्यानंतर तिसरा,
ज्याची कुणी तक्रारच केली नव्हती.

त्याच जमिनीवर आधीचं कुणीतरी.
हद्द लिनक्सच्या पोटातून आरपार गेलेली.
मी आत डोकावले. नावं दिसली फक्त:
आक्रोडाची चटणी, आईची
रिओनी, गच्चीवरून
दाताचा डॉक्टर, पैसे बाकी
पत्र, पाठवायचं नाही

सकाळी नोदार आला, गरम शोती घेऊन.
यादी वाचताना त्याच्या हातातला पाव गार झाला.
"एतेरीचं आहे," तो म्हणाला. "उघड."
गच्चीवरून काढलेला फोटो उघडला.
वर आभाळ, कठडा, वाळत घातलेल्या चादरीचं टोक,
त्याच्या खाली राखाडी पट्ट्या. नदी नाहीच.
बाकीच्या फाइलींत तेवढंही नव्हतं.
पत्राच्या जागी बाचोच्या खेळातली एक मोटार.

दोन्ही हद्दी खऱ्या, मी म्हटलं,
पण तक्त्यात एकच लिहिता येते.
"पोराचं काय आहे तिथे?"
खेळ. आणि कॉलेजचा प्रबंध, अर्धा लिहिलेला.
तो हीटरच्या गार बाजूला जाऊन उभा राहिला.
बराच वेळ. मी पाव खाल्ला, दुसरं काय करणार.
"पोराचं ठेव, म्झिया."

मी लिहिलं. एंटर दाबताना
नेहमीसारखं पोटात काहीतरी खाली गेलं.

यादी त्याने छापून मागितली.
दोनशे बारा नावं, चार कागद,
घडी करून चष्म्याच्या घरात कोंबले; घर मिटेना.
नक्कल माझ्याकडे आहे, वरच्या कपाटात,
त्यावर टेप लावून नाव घातलंय. बाचोचं नाही.

मशीन उठलं. पडद्यावर दोन ओळी, खाली दहा सेकंद.
आधी लिनक्स बघितलं, मग विंडोज.
कोपऱ्यातल्या घड्याळात पाच वाजले होते,
बाहेर शाळेची घंटा नऊची.
दोघांचं वेळेवरून पटत नाही, मी म्हटलं,
चार तासांचा फरक, दोन मिनिटांत नीट करते.

नोदार वाकला, घड्याळ बघितलं,
आणि कालपासून पहिल्यांदा हसला.
"पहिल्यापासून असंच आहे ते," म्हणाला.
तेव्हा कुठे त्याला पटलं
की हे त्याचंच मशीन.